सॅटर्नच्या मरणाची तारीख चुकली आहे

अमेरिकन मोटार उद्योगाच्या पडझडीवर बोलणं निघालं की जनरल मोटर्सने (जीएमने) काढलेल्या सॅटर्न या मोटार कंपनीचं नाव येतं आणि लगेच दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं असं की प्लॅस्टिकच्या दारांची, गुरगुरणाऱ्या इंजिनाची ती एक सुमार गाडी होती. जनरल मोटर्सने युनियनच्या हाती कारखान्याच्या किल्ल्या दिल्या, अब्जावधी डॉलर ओतले आणि ते बुडाले, यात नवल ते काय? दुसऱ्या तटाला सॅटर्न हुतात्मा वाटते: डेट्रॉइटच्या, म्हणजे जीएमच्या मुख्यालयातल्या, हिशेबनिसांनी मत्सरापोटी एका गुणी कंपनीचा गळा घोटला. पहिल्यांकडे आकडे आहेत, दुसऱ्यांकडे आठवणी, आणि दोघेही भांडतात ते गाडीवरून. मला हा वादच भलत्या जागी चाललेला वाटतो. गाडी साधारण होती. असाधारण होते ते दोन करार: एक कामगार आणि व्यवस्थापनातला, दुसरा विक्रेता आणि ग्राहकातला. पहिला कागदावर होता, दुसरा बराचसा वागणुकीत. ते पाळले जात होते तोवर साधारण गाडी झकास खपली. ते एकेक कलमाने सैल झाले, तेव्हा तिच्याहून बऱ्या गाड्याही खपेनात. सॅटर्न २०१० साली बंद झाली हे कागदोपत्री खरं आहे. माझ्या मते ती त्याच्या सहा-सात वर्षं आधीच संपली होती.

मुळात ही कंपनी निघाली कशासाठी? १९८० च्या सुमारास अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर शंभर गाड्यांपैकी पंचेचाळिसेक जीएमच्या असत. दहा वर्षांत तो आकडा पस्तिसाच्या आसपास घसरला. छोट्या गाड्यांत होंडा आणि टोयोटापुढे जीएमचं काही चालेना. १९८२ मध्ये नव्या छोट्या गाडीचा अभ्यास सुरू झाला आणि जानेवारी १९८५ मध्ये अध्यक्ष रॉजर स्मिथ यांनी सॅटर्न ही वेगळी कंपनीच जाहीर केली. गुंतवणुकीचा आकडा सांगितला गेला ५ अब्ज डॉलर. कारखाना आपल्याकडे यावा म्हणून राज्यांत अशी झुंबड उडाली की गव्हर्नर मंडळी टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात जाऊन आपापल्या राज्याची भलामण करत बसली. निवड झाली टेनेसीतल्या स्प्रिंग हिलची. तेव्हा हजारभर वस्तीचं गाव. ३० जुलै १९९० ला पहिली गाडी बाहेर आली, तेव्हा स्मिथ यांच्याबरोबर युनायटेड ऑटो वर्कर्स या मोटारकामगारांच्या युनियनचे अध्यक्ष ओवेन बीबर होते. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या स्मिथ यांचा तो जवळजवळ शेवटचा समारंभ. म्हणजे सॅटर्न कारखान्याबाहेर पडली त्याच आठवड्यात तिचा वरचा वाली गेला. पुढच्या गोष्टी समजून घेताना हे लक्षात ठेवावं लागतं.

पहिला करार १९८५ चा. जीएमच्या इतर कारखान्यांत युनियनबरोबरचे करार शेकडो पानांचे असत: कोणता माणूस कोणता नट आवळणार आणि कोणता आवळणार नाही, इथवर तपशील. सॅटर्नचा करार काही थोडक्या पानांत मावला. युनियनकडून तो घडवणारे उपाध्यक्ष होते डोनाल्ड एफ्लिन. कामांचे प्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके ठेवले. दहा-पंधरा जणांचा गट आपलं काम आपसांत वाटून घेई, नवा माणूस घ्यायचा तर त्याची मुलाखत गटच घेई, आणि व्यवस्थापनातल्या अनेक खुर्च्यांना युनियनचा एक जोडीदार असे. पुरवठादार, जाहिरात संस्था, विक्रेते निवडतानाही युनियनचं मत घेतलं जाई. बदल्यात कामगारांनी मूळ पगार इतर कारखान्यांपेक्षा कमी स्वीकारला. उरलेला भाग प्रशिक्षण, दर्जा आणि उत्पादन यांवर अवलंबून. चांगल्या वर्षांत हा वरचा हप्ता १०,००० डॉलरपर्यंत गेला.

युनियनला दर्जाशी काय देणंघेणं, असं विचारणाऱ्यांसाठी १९९१ मधला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. जीएमचे नवे अध्यक्ष रॉबर्ट स्टेम्पेल स्प्रिंग हिलला आले, तेव्हा कामगारांनी दंडाला पट्ट्या बांधून आणि काम मंद करून निषेध केला. पगारवाढीसाठी? नाही. उत्पादन वाढवायच्या घाईत सदोष गाड्या बाहेर पडत आहेत, ती घाई थांबवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. दर्जासाठी आंदोलन करणारे कामगार मोटारउद्योगाच्या इतिहासात फारसे सापडायचे नाहीत.

दुसरा करार शोरूममधला. अमेरिकेत नवी गाडी घेणं ही एक शिक्षाच असते. छापील किंमत कोणी मानत नाही, विक्रेता दर दहा मिनिटांनी ‘मॅनेजरला विचारून येतो’ म्हणून आत जातो, आणि शेवटी आपण जास्त दिले की कमी, हे गिऱ्हाइकाला कधीच कळत नाही. सॅटर्नने एकच भाव ठेवला. घासाघीस नाही, विक्रेत्याचा दबाव नाही, गाडी पसंत न पडल्यास ३० दिवसांत किंवा १,५०० मैलांत परत. पहिल्याच वर्षी काही गाड्यांच्या रेडिएटरमध्ये सदोष द्रव भरला गेल्याचं कळलं, तेव्हा कंपनीने त्या १,८३६ गाड्या दुरुस्त करत न बसता ग्राहकांना नव्या गाड्या दिल्या. सीटच्या दोषासाठी अलास्कातल्या एका ग्राहकाकडे माणूस पाठवला आणि त्याचीच जाहिरात केली. कोणती कंपनी आपला दोष जाहिरातीत दाखवते? सॅन फ्रान्सिस्कोच्या हॅल रायनी यांच्या जाहिरात संस्थेला कळलं होतं की इथे विकायची वस्तू गाडी नाहीच.

आता गाडीकडे वळू, कारण पहिल्या तटाचं तिच्याबद्दलचं बोलणं बरंचसं खरं आहे. सॅटर्नच्या जुन्या मालकांचे अनुभव ऐकले तर त्यांत एक गंमत दिसते: दोषांची यादी तेच आधी सांगतात. १.९ लिटरचं इंजिन जोरात पळवलं की आवाज करायचं. दारं आणि बाजूचे पत्रे पॉलिमरचे. उन्हात ते प्रसरण पावतात म्हणून जोडांत फटी मुद्दाम मोठ्या ठेवलेल्या, त्यामुळे नवी गाडीसुद्धा ढिली बसवल्यासारखी दिसे. आतलं प्लॅस्टिक कडक आणि स्वस्त. सगळ्यात कुप्रसिद्ध म्हणजे तेल: मैल वाढले की अनेक इंजिनं पिस्टनच्या कड्यांच्या रचनेमुळे तेल जाळू लागत, आणि पेट्रोल भरताना डिपस्टिक पाहणं ही मालकांची सवय होऊन गेली. पण हेच लोक पुढे सांगतात की सुपरमार्केटच्या आवारात ट्रॉली आपटली तरी दाराला पोचा येत नसे. बर्फासाठी रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यांत शेजाऱ्यांच्या गाड्यांची दारं खालून कुजत, यांची नाही (छत आणि बॉनेट मात्र पोलादीच होतं, हे प्रेमापोटी विसरलं जातं). टायमिंगला पट्टा नसून साखळी, आणि गिअरबॉक्सच्या तेलाचा फिल्टर बाहेरून फिरवून काढता येण्याजोगा, त्यामुळे घरच्या घरी काम करणारे खूश. हायवेवर पेट्रोलही कमी लागे. आणि शेवटी येतं ते वाक्य: पुन्हा मिळाली तर पुन्हा घेईन. सुमार इंजिनाच्या गाडीबद्दल माणसं असं का बोलतात? १९९२ मध्ये जे. डी. पॉवर या पाहणी संस्थेच्या ग्राहक समाधानाच्या यादीत ही स्वस्त गाडी लेक्सस आणि इन्फिनिटी या महागड्या ब्रँडच्या लगेच खाली, तिसरी होती. १९९४ च्या उन्हाळ्यात मालकांना कारखाना पाहायला बोलावलं, तर सुमारे ४४,००० लोक स्प्रिंग हिलला आले. त्याच वर्षी विक्री २,८६,००० च्या घरात पोचली. पुढे कधीही ती एवढी झाली नाही.

या प्रेमाला ‘पंथ’ म्हणून हिणवणारे आहेत. गाडीची किल्ली देताना सगळ्या शोरूमने टाळ्या वाजवणं मलाही जरा अवघडच वाटतं. पण विरोधकांचे खरे मुद्दे याहून वजनदार आहेत आणि ते टाळून चालणार नाही. पहिला, पैशांचा. सॅटर्नमध्ये घातलेलं भांडवल जीएमला कधी परत मिळालं नाही. छोट्या गाडीत नफा तोळामासा, आणि कारखाना मूळ बेतानुसार वर्षाला चार-पाच लाख गाड्यांच्या हिशेबाने आखलेला. शेवरोले, ओल्डस्मोबिल या जीएमच्याच ब्रँडचे लोक विचारत की आमच्या तोंडचा घास काढून हा लाडका मुलगा का पोसायचा? प्रश्न रास्त होता. दुसरा मुद्दा एकाच भावाचा. तो काही निव्वळ सचोटीतून आला नव्हता. कंपनीने एकेका विक्रेत्याला अख्खा प्रदेश नेमून दिला होता. शेजारच्या सॅटर्न शोरूमचा मालकही बहुधा तोच असे. मग भाव पाडणार कोण? ग्राहकाला मनःशांती मिळाली, पण तिची किंमत त्यानेच भरली असं म्हणायला जागा आहे. तिसरा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. युनियनचे नेते व्यवस्थापनाच्या टेबलाशी बसले की कामगाराची तक्रार कोण ऐकणार? दिवस-रात्रपाळ्यांच्या फेऱ्यांनी लोक थकले होते, आणि जोडीदाराच्या खुर्च्यांवर कोणाला बसवायचं यात वशिलेबाजी होते अशी कुजबुज होती. स्थानिक शाखेचे मायकेल बेनेट हे या भागीदारीचे मोठे पुरस्कर्ते. १९९९ मध्ये कामगारांनीच निवडणुकीत त्यांचं नेतृत्व पाडलं.

तिन्ही मुद्दे मान्य. तरी यांतून ‘प्रयोग चुकीचा होता’ हा निष्कर्ष निघतो का?

पैशांचा मुद्दा घ्या. स्मिथ यांनी त्याच १९८५ साली ह्यूज एअरक्राफ्ट ही विमान-क्षेपणास्त्रांची कंपनी सुमारे ५ अब्ज डॉलर मोजून घेतली, आदल्या वर्षी संगणकसेवेची ईडीएस घेतली. पुढे दोन्ही विकल्या किंवा वेगळ्या केल्या. त्यांचं नाव घेऊन ‘यामुळे जीएम बुडाली’ असं कोणी म्हणत नाही; सॅटर्नचं म्हणतात. आणि सॅटर्नचा नफा का झाला नाही हे पाहायला खोल जायची गरज नाही, गाड्यांच्या पिढ्या मोजल्या तरी पुरे. होंडा सिव्हिक १९९२ मध्ये नवी झाली, १९९६ मध्ये पुन्हा, २००१ मध्ये पुन्हा. सॅटर्नची एस मालिका आतला सांगाडा तोच ठेवून, वरवर रूप बदलत, २००२ पर्यंत विकली गेली. १९९१ मध्ये पंचविशीतल्या ज्या जोडप्याने सॅटर्न घेतली, त्यांना १९९६ मध्ये मुलं होती आणि मोठी गाडी हवी होती. सॅटर्नकडे ती नव्हतीच. ते गेले होंडाची ॲकॉर्ड किंवा टोयोटाची कॅमरी घ्यायला. जपानी गाड्यांकडून गिऱ्हाईक ओढून आणायला जी कंपनी काढली, तिने ते पाच वर्षं सांभाळून परत जपान्यांच्याच हवाली केलं. टोयोटाने १९८९ मध्ये लेक्सस काढली, तिच्याही पहिल्याच वर्षी गाड्या परत बोलवायची वेळ आली, तीही ग्राहकाच्या दारी जाऊन निस्तरली. इथवर दोन्ही कथा जुळ्या. फरक पुढे पडला: टोयोटाने लेक्ससला एकामागून एक गाड्या दिल्या, जीएमने सॅटर्नला शाबासकी दिली आणि पैसा नफ्याच्या ट्रक आणि एसयूव्हींकडे वळवला. त्या क्षणी तो निर्णय हिशेबी होता, हे मी नाकारत नाही. पण नांगरट थांबवायची आणि नंतर जमीनच नापीक होती असं सांगायचं, याला पुरावा म्हणत नाहीत.

कामगारांच्या मुद्द्याला उत्तर कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटने सॅटर्नच्या आधीच दिलं होतं. जीएमचा तिथला कारखाना गैरहजेरी, भांडणं आणि सदोष गाड्यांसाठी बदनाम होता. १९८२ मध्ये तो बंद केला. दोन वर्षांनी टोयोटाच्या भागीदारीत नुम्मी या नावाने तो उघडला, तेव्हा कामावर आलेले बहुसंख्य लोक जुनेच होते, युनियनही तीच. थोड्याच काळात तिथल्या गाड्या जपानमधल्या कारखान्यांच्या तोडीच्या निघू लागल्या. माणसं तीच, निकाल वेगळा. मग दोष माणसांचा कसा? जीएमच्या डोळ्यांसमोर दोन प्रयोगशाळा होत्या, आणि दोन्हींचा निकाल हाती असताना बाकीच्या कारखान्यांत तो पोचवायला तिला फार उशीर लागला. युनियनचं मुख्यालयही काही कमी नाही. एफ्लिन यांच्या जागी आलेले आणि पुढे अध्यक्ष झालेले स्टीफन योकिच यांना हा वेगळा करार डोळ्यांत खुपायचा, कारण एका कारखान्याला सवलत दिली की बाकीच्या कारखान्यांतली एकजूट सुटते. त्यांच्या बाजूनेही तर्क होता. पण म्हणूनच ‘युनियनने सॅटर्न बुडवली’ हे वाक्य अर्थहीन आहे. कोणत्या युनियनने? स्प्रिंग हिलच्या कामगारांनी मार्च १९९८ मध्ये मतदान करून स्वतःचा वेगळा करार मोठ्या बहुमताने राखला होता. आठ वर्षं तो करार जगलेल्या माणसांचा तो कौल होता.

आणि नेत्यांना पाडलं त्याचं काय? पाडलं, बरोबर केलं. भागीदारीत निवडून आलेल्याला जाब विचारता येतो हे त्यातून सिद्ध झालं. नगरपालिकेत सत्ताधारी पडले म्हणून कोणी नगरपालिकाच निरुपयोगी ठरवत नाही.

आता माझ्या तारखेकडे येतो. मोठी गाडी अखेर आली, २००० च्या एल मालिकेच्या रूपाने. ती तेव्हा जीएमच्याच मालकीच्या, युरोपातल्या ओपेलच्या व्हेक्ट्रावर आधारलेली आणि स्प्रिंग हिलऐवजी डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला, जीएमच्या नेहमीच्या करारानुसार बांधलेली. नाव सॅटर्नचं, बांधणारे हात त्या कराराबाहेरचे. ती चालली नाही. एस मालिकेच्या जागी आलेल्या २००३ च्या आयॉनला गिऱ्हाइकाने थंडच प्रतिसाद दिला. तिच्या सदोष इग्निशन स्विचचं प्रकरण तर २०१४ मध्ये जीएमच्या गळ्याशी आलं. डिसेंबर २००३ मध्ये स्प्रिंग हिलच्या कामगारांनी प्रचंड बहुमताने जुना करार सोडून राष्ट्रीय करारात जायचं ठरवलं. पाचच वर्षांपूर्वी उलटं मत देणारे हेच लोक. काय बदललं होतं? नव्या गाड्या आपल्याकडे येतील याची शाश्वती उरली नव्हती. कारखान्याला दुसऱ्या ब्रँडची कामं मिळवायची तर सगळ्यांसारखं होणं भाग होतं. मार्च २००७ मध्ये स्प्रिंग हिलमधली शेवटची सॅटर्न बाहेर पडली. या काळात सॅटर्नच्या नावाने आलेल्या गाड्या जीएमच्या इतर ब्रँडच्याच होत्या: रिले ही शेवरोले अपलँडरची बहीण, आउटलुक ही जीएमसी अकेडियाची, स्काय ही पॉन्टिॲक सॉल्स्टिसची, आणि ॲस्ट्रा तर बेल्जियमहून आयात केलेली ओपेल. पोचा न येणारी दारंही गेली, पोलादी आली.

गंमत अशी की या गाड्या चांगल्या होत्या! सॅटर्नच्या ऑराला २००७ ची उत्तर अमेरिकेतली सर्वोत्तम कार म्हणून पुरस्कार मिळाला. एस मालिकेला बाजूला बसवली तर दोघींची तुलनाही होणार नाही. सॅटर्न खराब गाड्यांमुळे बुडाली असेल, तर सर्वांत चांगल्या गाड्या हाती असताना ती का सावरली नाही? आणि गाडीतच सगळं होतं असं म्हणणाऱ्या दुसऱ्या तटालाही हाच प्रश्न आहे.

याचं उत्तर एका व्यापाऱ्याने दिलं. जीएम जून २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, त्याच महिन्यात रॉजर पेन्स्की यांच्या कंपनीने सॅटर्न घ्यायची तयारी दाखवली. त्यांना कारखाना नको होता. गाडीची रचनाही कायमची नको होती. हवं होतं फक्त नाव आणि विक्रेत्यांचं जाळं. गाड्या ते दुसऱ्या उत्पादकाकडून बनवून घेणार होते. आयुष्यभर मोटारी विकलेल्या माणसाने सॅटर्नमध्ये किंमत कशाला आहे हे इतकं स्वच्छ ओळखलं. हा उत्पादक म्हणजे फ्रान्सची रेनो; तिच्या संचालक मंडळाने गाड्या पुरवायला नकार दिला आणि ३० सप्टेंबरला सौदा मोडला. विक्रेत्यांनी वर्षभर जिवंत ठेवलेला शब्द तिथे संपला.

मराठी वाचकाला यातला शेवटचा अंक ओळखीचा वाटेल. २०१७ अखेर जीएमने शेवरोलेची भारतातली विक्री थांबवली. तळेगावचा कारखाना निर्यातीवर डिसेंबर २०२० पर्यंत चालला. चीनच्या ग्रेट वॉल या मोटार कंपनीबरोबर ठरलेला सौदा फिसकटला, कामगार न्यायालयात गेले, आणि २०२३ मध्ये जागा ह्युंदाईकडे जायचं ठरलं. तेव्हाही आपल्याकडची चर्चा बीट, स्पार्क, क्रूझ या गाड्या कशा होत्या यावरच रंगली. जमीन कोणत्या अटींवर मिळाली, कामगारांना काय शब्द दिला होता, गाडी घेतलेल्यांना सुट्या भागांचं काय सांगितलं, हे प्रश्न बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात.

स्प्रिंग हिलमधली गाड्यांची जुळणी काही काळ बंद पडून २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाली. आज तिथे कॅडिलॅकची विजेवर चालणारी लिरिक बनते, आणि ती बांधणारे कामगार युनियनच्या त्याच १८५३ क्रमांकाच्या शाखेचे आहेत. कामगारांनी सॅटर्न बुडवली असं ज्यांना अजून म्हणायचंय, त्यांनी आधी हे समजावून सांगावं की ज्यांच्या हातांवर भरवसा नव्हता, त्यांच्याकडेच जीएमने आपली सर्वांत महागडी पाटी का दिली.